माझे देव, त्याचे वीर

देव मोठा की वीर मोठा, या एका प्रश्नावरून मी आणि माझा धाकटा भाऊ आयुष्यभर भांडत आलो. खऱ्या देवांवरून नव्हे हं. खऱ्या देवांवरून वाद घालायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती, आईने उलथनं फेकून मारलं असतं. आम्ही भांडलो ते आमच्या स्वतःच्या देवांवरून. ते आम्हीच, घरच्या घरी तयार केले होते.

आमचं घर मालवणच्या अलीकडे, पुढे समुद्र आणि मागे हापूसची बाग. ओहोटीला समोरचे काळे खडक उघडे पडायचे. तिथे आमचं राज्य होतं. मी मोठी, म्हणून देव करायचा हक्क माझा. वीर करायचे त्याने. ही वाटणी कुणी ठरवली ते आठवत नाही. बहुतेक मीच ठरवली असणार, कारण लहानपणी सगळं मीच ठरवत असे.

माझे देव मोठे तालेवार होते. एक होता मिठाचा देव. तो कशावर नुसता हात ठेवायचा, की ती वस्तू सुकून जायची, आणि स्वतः मात्र कायम तहानलेला. एक भरतीची आई, जी सगळं घेऊन जायची, सगळं परत आणून टाकायची, फक्त कुणाचं काय होतं ते तिला आठवत नसे. आणि सगळ्यांत वरचढ तो शिवेवरचा देव. तो मी सरळ गावच्या राखणदार देवावरून उचलला होता. गावाच्या शिवेच्या आत तो वाटेल ते करू शकतो, पण शिवेबाहेर त्याचं एक पाऊल पडत नाही. आमच्या देवाची शीव म्हणजे भरतीची रेघ. सुक्या शेवाळाची, शिंपल्यांची ती जी ओळ वाळूत राहते ना, ती.

भावाचे वीर म्हणाल तर सगळे फाटके. त्याचा मुख्य वीर होता वल्हेवाला. त्याच्याकडे एक मोडकं वल्हं, बाकी काही नाही. होडीसुद्धा नाही! मी म्हणायची, अरे, होडी तरी दे त्या बिचाऱ्याला. तर म्हणे, होडी मिळाली की गोष्ट संपली. हा वल्हेवाला प्रत्येक ओहोटीला खडकांवरून निघायचा, शिवेवरच्या देवापुढे यायचा आणि कौल मागायचा. गावात मोठी माणसं मागतात तसाच. काळ्या दगडाला पाण्याने फुलांच्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या अंगाची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डाव्या अंगाची पडली तर नाही. आमचा दगड समुद्राच्या वाऱ्याला डावं अंग देऊन उभा. त्यामुळे डावीच कळी पडणार, दुसरं काय होणार? वल्हेवाल्याला आमच्या देवाने एकदाही उजवा कौल दिला नाही. आणि वल्हेवाला दर वेळी माझ्या देवापुढे हात जोडून म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" आणि निघायचा तो नेमका देवाने नको म्हटलेल्या दिशेला. मी चिडून लाल व्हायची.

"देवान नको सांगल्यान ना? मगे कित्याक जातंस?"

"देवाचा काम नको म्हणाचा. वीराचा काम जावचा."

कपाळ!

मोठे झालो तरी हे खूळ गेलं नाही. मी बीएड करून कुडाळला शाळेत लागले, तिथेच संसार थाटला. तो बागेत राहिला, आईजवळ. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, वल्हेवाल्याचा खंय झाला? सगळा दिवस बागेत. फवारणी, मोहोराची राखण, तोडणी, पेट्या भरणं. आणि दुपारी कलमाखाली आडवा झाला, की मला मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायचा. वल्हेवाला आता मिठाच्या देवाच्या मुलखात शिरलाय, ताय, तुझ्या देवाला सांग दरवाजा उघडायला. मी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीच्या मागे उभी राहून, देवांच्या वतीने उत्तर द्यायची. नाही उघडत जा! पन्नाशीला आलेली बाई, केसांना मेंदी लावलेली, आणि मिठाच्या देवाचा आवाज काढतेय. कुणी ऐकलं असतं तर शाळेतून सरळ रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलं असतं.

वाद तोच असायचा. माझं म्हणणं, देव मोठा, कारण सगळे शेवटी त्याच्याच दारात येतात. वीराला कोण विचारतो? आज आहे, उद्या मेला. त्याचं म्हणणं, मरतो म्हणूनच तो मोठा.

"ज्येका मराणच नाय, तेका भियाचा काय? आणि जो भियाणाच नाय, तो शूर कसो गो? माझो वीर भियाता, तरी जाता. तुझो देव भियाणा नाय आणि जाणा पण नाय. नुसतो बसान खाता."

"बसून खातो म्हणे! जग कोण चालवतं?"

"चालवता? तेका सोताक चलाक येणा नाय, जग काय चालवतलो!"

असा तो बोलायचा, आणि वर स्वतःच खो खो हसायचा. पुराणातल्या देवांना निदान बायका असतात, रुसवे-फुगवे असतात, शाप लागतात, धावतपळत खाली यावं लागतं. माझे देव कुठेच गेले नाहीत. मला त्याचा अभिमान होता. देवाने कसं, आपली पायरी सोडू नये.

गेल्या तोडणीच्या वेळी तो झाडावरून पडला.

आंब्याची फांदी चिवट नसते, सांगून मोडत नाही. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती, त्याची हयात त्या झाडांवर गेली. टोकाची चार फळं राहिली होती, झेल्याने, जाळीच्या लांब काठीने, काढता आली असती. हा गेला फांदीवर चढून. खाली बागेच्या कुंपणाचा दगडी गडगा. पाठीवर पडला तो गडग्यावरच. गोव्याला नेला, ऑपरेशन झालं, मणका जोडला. घरी आणला तेव्हा कमरेच्या वर तो आमचा तोच, बडबड्या, खवचट. कमरेखाली काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघायची. पायाच्या अंगठ्यात जाणीव परत आली तर पुढचं बोलता येईल. नाही आली तर. त्यांनी वाक्य तिथेच सोडलं आणि आईसुद्धा पुढचं विचारायला धजली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट होती, त्याच्या पायाचा अंगठा. व्यायाम शिकवायला कुडाळहून एक बाई यायच्या. त्यांनी आम्हाला दाखवलं. त्याने डोळे मिटायचे, आपण अंगठा दाबायचा, विचारायचं, कळतं का? त्याने खरं सांगायचं. मी लांबलचक रजा टाकली, घरी येऊन राहिले. संध्याकाळी आईने देवाकडे आणि तुळशीत दिवा लावला, की मी त्याच्या पायाशी बसायची. आई दारात उभी.

"कळता?"

"नाय."

"आता?"

"नाय गो."

आई आत निघून जायची. भांड्यांचा आवाज यायचा. मी तिथेच बसून राहायची, त्याचा पाय मांडीवर घेऊन. राग यायचा मला. कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचा. त्या फांदीचा, गडग्याचा, त्या चार फळांचा. त्याचाही. आणि मी काय करत होते? अंगठा दाबत होते. एवढं शिकलेली, पोरांना छड्या न मारता सरळ करणारी बाई, आणि भावाच्या अंगठ्यापुढे हात टेकले.

भेटायला मात्र जत्रा लोटली. वाडीतले, आंब्याचे व्यापारी, आईच्या माहेरचे. येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर केळ्यांचा घड घेऊन यायचा, खाटेसमोर खुर्चीवर बसायचा, दोन मिनिटं हळहळायचा आणि मग स्वतःचं सुरू. सून नीट बोलत नाही, मुलगा मुंबईहून फोन करत नाही, गुडघे दुखतात. हा पडून ऐकायचा. उठून जायची सोय नाही ना! एक दिवस असंच कुणीतरी रडून, डोळे पुसून, शहाळं ठेवून गेलं, आणि हा छताकडे बघत म्हणाला, "ताय, मी तुझ्या पार्टीत इलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे देव झालंय. येतत, समोर बसतत, आपापली गाऱ्हाणी घालतत, शहाळा ठेयतत नि जातत. माझ्यान जाग्यावरसून हलाक होणा नाय. मगे मी देव नाय तर काय?"

मी हसले नाही. मला हसताच येईना. त्याने गंमत केली होती, नेहमीसारखी, आणि मी उठून परसात गेले आणि शेवग्याच्या झाडाला धरून रडले. आयुष्यभर ज्याला मी माझ्या देवांच्या बाजूला ओढत होते, तो असा येऊन पडावा, हे मला नको होतं. वल्हेवाला पाहिजे होता मला, तो फाटका, देवाचं न ऐकणारा. एक पाऊल टाक रे मेल्या, एकच, मग मी सगळे देव समुद्रात बुडवते.

गणपती होऊन गेले तेव्हा आई म्हणाली, कौल घेऊया. गावच्या देवळात. मी नको नको म्हटलं. डावा पडला तर? आई म्हणाली, "पडणा नाय. मी देवाक वळाखतंय." गेलो दोघी.

आमचे गुरव तसे सज्जन. त्यांनी पाषाणाला कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. तिच्या झिलाच्या पायात ताकद येवंदे, पूर्वीसारखो बागेत चलाक लागांदे!" मी आणि आई म्हणालो, "व्हय म्हाराजा!" "ता होवचा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" माझा आवाज इतका मोठा लागला, की मलाच दचकायला झालं. मग आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. कळ्या ओल्या, चकचकीत, एकही हलेना.

डाव्या खांद्यावरची कळी टपकन खाली पडली.

आणि मग आईची नजर वर गेली. गाभाऱ्याच्या भिंतीवर पंखा! कुणा मुंबईकर भाविकाने सप्रेम भेट दिलेला, जाळीवर लाल रंगात त्याचं नाव. आणि तो फुल्ल चालू, तोंड देवाकडे, डाव्या बाजूने. गुरवांना सोवळ्यात घाम फार येतो म्हणून सकाळी लावलेला, बंद करायचा राहून गेलेला.

"पंखो चालू आसा!" आई एवढ्या जोरात ओरडली, की घंटेखालचं कुत्रं पळालं. "अरे, कौल लावताना पंखो कित्याक ठेवलंस?"

गुरव वर बघतात, खाली कळीकडे बघतात, परत वर बघतात. "इसारलंय काकी."

"मगे ह्यो कौल खरो नाय. परत लाव कळे."

"तोच प्रश्न परत इचाराक होणा नाय काकी. देवाक राग येता. आता दसऱ्यानंतर."

"पण वाऱ्यान पडलो ना तो!"

"देवाच्या मनात नसता तर लाइट घालवल्यान नसती? आमच्याकडे लाइट जावक काय वेळ लागता?"

झालं! तिथे गाभाऱ्याच्या दारात त्यांचं जुंपलं. पंखा देवाच्या इच्छेत येतो की नाही, यावर. मी मध्ये उभी, हातात नारळ. मला एकीकडे हसू फुटत होतं आणि एकीकडे खाली पडलेल्या त्या कळीवरून नजर हटत नव्हती. मला आमचा किनाऱ्यावरचा दगड आठवला, वाऱ्याला डावं अंग देऊन उभा असलेला. आमच्या देवांचाही असाच पंखा चालू होता की. आणि मी दर वेळी त्याला सांगायची, देव नको म्हणतोय.

घरी आल्यावर आई थेट त्याच्या खाटेपाशी गेली, त्याच्या कपाळाला अंगारा लावला. "देवान उजवो दिल्यान हां. बरो होतलंस तू." आणि तोंड फिरवून चहा टाकायला गेली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. खेळात मी भांडकुदळ होते, पण कौलाच्या बाबतीत कधी खोटं बोलले नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

"खंयचो दिल्यान गो?"

"डावो," मी म्हटलं. "पण पंखो चालू होतो."

सगळं सांगितलं. गुरव, आई, लाइट, कुत्रं, सगळं. तो हसायला लागला. पडल्यापासून पहिल्यांदाच तो इतका हसला, खाट करकरायला लागली, डोळ्यांतून पाणी. कमरेपर्यंतच हलत होता तो. खाली चादर जशीच्या तशी. मी चादरीकडे बघायचं टाळलं.

मग शांत झाला. म्हणाला, "तुझ्या देवांक पंखो नव्हतो. तरी एकदासुद्धा उजवो नाय दिल्यानी." आणि मग, "ताय, खरा सांग. वल्हेवालो इतक्या वेळा इलो, हात जोडल्यान. तेका मदत कित्याक केली नाय तेंनी?"

लहानपणी या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं. त्यांची मर्जी. देव आहेत ते, तुला कशाला जाब देतील? तेच उत्तर ओठावर आलं होतं. पण समोर तो पडलेला, कपाळाला अंगारा, आणि मी ही अशी धडधाकट, दोन पायांवर उभी, रजेवर, दिवसभर त्याच्यासमोर. मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं आणि मला कणभर काही करता येत नव्हतं.

"तेंका जमणा नव्हता रे," मी म्हटलं. "करूचा होता तेंका. जमणाच नव्हता."

तो बघत राहिला माझ्याकडे. "मगे ता तेवाच सांगाचा होता," म्हणाला. "मी उगाच तेंका शिव्या घालीत रवलंय."

त्या दिवसानंतर वाद मिटला म्हणायचा. कोण मोठा, कोण लहान, काही राहिलं नाही. उलट तोच आता देवांची बाजू घेऊ लागला. बिचारो मिठाचो देव, म्हणायचा, तहान लागता तेका, पण पाण्याक हात लावल्यान तर पाणीच सुकता. मला ऐकवायचं नाही. मी म्हणायची, पुरे कर, वल्हेवाल्याचं काय झालं ते सांग. तर म्हणायचा, बसलो आसा खडकार, वल्हा मांडयेर घेवन. पुढे काही सांगत नसे.

दसरा आला आणि गेला. आई परत कौल लावायचं नाव काढेना. मीही काढलं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत होत्या, पण आता त्या अंगठ्याबद्दल विचारत नव्हत्या. हात मजबूत करूया म्हणायच्या, खुर्चीवर बसायची सवय करूया म्हणायच्या. आम्हाला सगळं कळत होतं. फक्त आई, संध्याकाळ झाली की दिवा लावून दारात येऊन उभी राहायची. पूर्वी ताठ उभी राहायची. आता चौकटीला धरून. जेवण तुटलं होतं तिचं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या होत्या.

आणि मग ती संध्याकाळ. माझी रजा संपत आली होती, दोन दिवसांनी मला कुडाळला परतायचं होतं. आईने दिवा लावला, दारात येऊन उभी राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी बसले. माझी पाठ दाराकडे, त्यामुळे माझे हात आईला दिसत नव्हते. त्याने शिस्तीत डोळे मिटले. मी चादर बाजूला केली आणि मला धीर होईना. रोज तो नाय म्हणतो, रोज आई आत जाते, आणि आता मी निघून जाणार. मी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले.

"काय गो?" आई मागून म्हणाली. "कळता काय तेका?"

मी काही बोलायच्या आत त्याचा आवाज आला.

"व्हय."

"काय?"

"कळता, आये. जरासा. आंगठ्याक."

आईच्या तोंडून कसलातरी आवाज फुटला. ती तिथेच चौकटीत खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली. "मी सांगलंय होता!" ती म्हणत होती. "सांगलंय होता ना तुमका? तो पंख्यान पडलो! कौल उजवोच होतो!"

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. मी अजून त्याला हात लावलाच नव्हता.

त्याने एक डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी खडकांवर, देवाने नको म्हटल्यावर निघताना पाहायचा, तसं.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि मग त्याचा अंगठा हातात घेतला.